दुसरं घर कुठं घ्यायचं

दुसरी जागा घ्यायची हा विषय आमच्या घरात तीन वर्षं रेंगाळला होता. पहिली वडगावला. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर एक खोली-स्वयंपाकघर, ते कोर्टात नोकरी करणाऱ्या एका माणसाला भाड्यानं दिलेलं. आम्ही स्वतः तळेगावात राहतो. नवरा कारखान्यातून निवृत्त झाला, त्याच वर्षी मी शाळेतून, आणि हातात आलेला पैसा बँकेत नुसता लोळू द्यायचा नाही, एवढ्यावर आम्हा दोघांचं एकमत होतं. कुठं घ्यायची यावरून मात्र रोज सकाळी चहाबरोबर वाद.

नवऱ्याचा ओढा नवलाख उंबऱ्याकडे. तिथं कारखाने आहेत, भाडेकरू शोधावा लागत नाही, घर एक महिनाही रिकामं राहत नाही. माझा हट्ट लोणावळ्याचा. का, असं त्यानं विचारलं की मी त्याच्याहून चढ्या आवाजात सांगायची की लोणावळ्यात भाव उतरत नाही, शनिवार-रविवारी पाहुण्यांना देता येतं, झालंच तर हवा चांगली. सगळं खरं होतं आणि त्यातलं एकही माझं कारण नव्हतं. माझं कारण आतल्या खोलीत लसूण सोलत बसलेलं असायचं.

माझी आई. ब्याऐंशीची. माझे वडील, अण्णा, गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. तिनं आणि अण्णांनी बावीस वर्षं लोणावळ्यात एका मुंबईच्या शेठचा बंगला राखला. अण्णा बाहेरचे, म्हणजे बाग आणि फाटक. आई आतली, म्हणजे बाकी सगळं. आम्ही मागच्या बाजूला पत्र्याच्या खोलीत राहायचो. माझ्या मनात एवढंच होतं की आईचे गुडघे चालतायत तोवर तिला लोणावळ्यात स्वतःच्या घराच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसवायचं. मालकीण म्हणून. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, आजी पुढच्या वर्षी पायऱ्या चढतील असं धरून चालू नका. त्यामुळे मला घाई होती आणि घाई कशाची ते मी कुणालाच सांगत नव्हते. मला मनातलं बोलायला जमत नाही. त्याऐवजी मी भांडते.

नवऱ्याचा एक नियम होता. मावळातली जागा बघायची ती भर पावसाळ्यातच. तो आयुष्यभर मशिनांची देखभाल करत आला, त्याचा विश्वास फक्त गळतीवर. म्हणायचा, डिसेंबरात सगळीच घरं गोरीगोमटी दिसतात, पोरगी दाखवायला बसवल्यासारखी. मी म्हटलं, मला तुम्ही मे महिन्यात बघितलंत. तो म्हणाला, म्हणून तर नियम केला. असा आमचा संसार.

तर आषाढात आम्ही निघालो. आधी नवलाख उंबरे, कारण पहिली पाळी त्याची. चार मजल्यांची इमारत, प्रत्येक दारापुढं कारखान्याचे जड बूट ओळीनं मांडलेले, जिन्यात दोऱ्या बांधून वाळत घातलेले गणवेश. सकाळचे अकरा वाजले होते आणि सगळी इमारत चिडीचूप. एका दारावर वहीचा कागद चिकटवलेला: रात्रपाळी आहे, कृपया बेल वाजवू नये. नवऱ्यानं भिंतींवर अंगठा दाबून पाहिला, मोरीत पाणी ओतून ते कुठं जातं ते पाहिलं, आणि परीक्षेत पास झालेल्या मुलाच्या तोंडानं माझ्याकडे वळला. मी खिडकीतून बाहेर बघत होते. समोर दुसऱ्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या. झाड म्हणून औषधाला नाही. मी म्हटलं, इथं मला कोंडल्यासारखं होतंय. तो म्हणाला, तुला कुठं राहायचंय इथं? ते बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

मग मधेच पवनानगर. तिथं पाण्याच्या कडेला चार गुंठे आहेत, पर्यटकांसाठी तंबू टाकायला उत्तम, असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. जागेचे मालक आबा डोक्यावर इरलं घेऊन चिखलातून आमच्यापुढं चालत होते. बोलता बोलता निघालं की शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी पाहिजे, तसा दाखला पाहिजे. नवऱ्याच्या आजोबांनी जमीन कधीच विकली होती आणि अण्णांच्या नावावर तर कुंडीएवढीही माती नव्हती. आबा थांबले. "शेतकरी न्हाई का तुमी? मंग येवडं लांब कशाला आला?" त्यात टोमणा नव्हता, खरंच कोडं पडलं होतं त्यांना. मग त्यांनी आम्हाला घरी नेऊन गुळाचा कोरा चहा पाजला आणि पाऊस जरा कमी होईपर्यंत जाऊ दिलं नाही. तो विषय तिथंच संपला.

आणि त्याच आठवड्यात मोबाइलवर लोणावळ्याची ती जाहिरात आली. रो-हाऊस, पुनर्विक्री, दरीचा देखावा. फोटोत फाटक होतं आणि फाटकाच्या दोन्ही बाजूंना दोन जांभळं. मी ती झाडं झोपेतसुद्धा ओळखीन. डावं जरा वाकडं, रस्त्याकडे झुकलेलं. बंगला पाडून तिथं बारा रो-हाऊस झाली आहेत हे मला ऐकून माहीत होतं, पण ती खोली सोडल्यापासून मी कधी त्या रस्त्याला फिरकले नव्हते. जेवताना मी नवऱ्यापुढं फोन धरला आणि सांगितलं, आमच्या बंगल्याची जागा आहे ही. त्यानं फोटो बोटांनी मोठा करून बघितला. मग त्याला सगळं कळलं असावं, कारण भाड्याचं त्यानं काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाला, आईंना विचारलंस का? मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, नेऊन उभी करते.

त्या रात्रीपासून बंगला माझ्या डोक्यातून जाईना. आठवला तो पावसाळ्यातलाच. लोणावळ्यात चार महिने बंद घर म्हणजे बुरशीला आवतण. गाद्यांना वास लागतो, चामड्याच्या पेट्यांवर हिरवी लव चढते, पुस्तकं फुगतात. आई रोज एकेका खोलीत शेगडी पेटवायची. निखाऱ्यांवर राख भुरभुरायची, म्हणजे धूर नको आणि ऊब टिकावी. त्यावर कोंबड्यांचं रिकामं डालगं पालथं घालायची आणि डालग्यावर चादरी, उशांचे अभ्रे, पडदे. आज ही खोली, उद्या ती. शेवटची खोली होईपर्यंत पहिली पुन्हा ओलसर झालेली असे, मग परत सुरुवात. मधेच तासभर ऊन पडलं की आई हातातलं काम टाकून गाद्या ओढत बाहेर धावायची आणि मला हाका मारायची. मी एक टोक धरायची. गादीखाली माझं डोकंसुद्धा दिसत नसे.

दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात शेठची मंडळी यायची. आदल्या दिवशी हॉलमधला काळा फोन वाजायचा. मग आई सगळ्या घरातून आमची खूण पुसून काढायची. शेगड्या मागं, डालगी मागं, आमच्या चपला मागं, मी मागं. मंडळी येऊन म्हणायची, वा, घर कसं नुकतं सोडून गेल्यासारखं आहे. आई मान खाली घालून उभी. मला त्या मान खाली घालण्याचा फार राग यायचा. अजून येतो. पण खरं सांगायचं तर त्या घरातला निखाऱ्यांचा, उबदार सुताचा वास मला आजही कुठं आला तर पाय थांबतात. तेवढं सुख मला नंतर पक्क्या घरांत मिळालेलं नाही.

रविवारी आम्ही आईला गाडीत घातलं आणि जागा बघायला लोणावळ्याला चाललोय एवढंच सांगितलं. फाटकाशी आल्यावर तिनं काच खाली केली, जांभळांकडे पाहिलं आणि म्हणाली, "डावं अजून वाकडंच हाय व्हय." बस्स, एवढंच. एजंट छत्री घेऊन धावत आला, आजी जपून, आजी इकडून. बाराही घरांच्या किल्ल्या सांभाळणारी बाई पलीकडच्या वाडीवरची होती. तिनं कुलूप उघडलं. आईनं आत पाऊल टाकायच्या आधी तिला विचारलं, शेवटचं कधी उघडलंतं? ती म्हणाली, मालक दिवाळीला आलते. ओल जायला मशीन आहे म्हणाली, मालक मुंबईतून मोबाइलवर चालू करतात, पण लाइट गेली की ते बंद आणि लाइट रोज जाते. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. त्या हसण्यात मी नव्हते.

आई घरभर फिरली. आम्हा सगळ्यांना विसरूनच. कपाटं उघडून आत नाक घातलं, पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावून उभी राहिली, गादीचा कोपरा उचलून खालून चाचपला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, या भिंतीला पलंग लावू नकोस. मला वाटलं, झालं, पसंत पडलं. नवरा छताची गळती बघायला वर गेला, एजंट फोनवर बोलत बाहेर. मी आईला व्हरांड्यात नेलं. दरी ढगांनी भरली होती. दोन वेताच्या खुर्च्या होत्या, नव्या, प्लास्टिकच्या वेताच्या. मी म्हटलं, बस.

ती उभीच राहिली. म्हणाली, गुडघा दुखतो, परत उठायला जड जातं.

माझं डोकं फिरलं. आता इथं मला ते सांगितलंच पाहिजे, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता. मी सात वर्षांची असताना एकदा मंडळी न सांगता आली. पुण्याला कुणाच्या लग्नाला जाऊन परतताना वाटेत थांबली. गाडी पलीकडच्या पोर्चमध्ये होती, मला दिसली नाही. मी शाळेतून भिजून आले, पुढच्या बाजूनं व्हरांड्यात गेले आणि शेठाणीच्या खुर्चीवर बसले. का बसले ते आठवत नाही. शेठाणी बाहेर आली, मला पाहून हसली, म्हणाली, बसू दे तिला. आणि मागून आई आली आणि तिनं माझ्या कानशिलात अशी लगावली की मी खुर्चीवरून खाली आले. मग दंडाला धरून ओढत मागं. त्यापूर्वी आईनं मला कधी हात लावला नव्हता, नंतरही नाही. त्या थपडेनं मी शिकले, नोकरी धरली, कुणापुढं मान खाली घातली नाही. आणि आईला माफही केलं नाही. तिला सांभाळते, तिची औषधं चुकवत नाही, तिच्यावर माझा जीव आहे. पण मनाच्या एका कोपऱ्यात, तिनं पोटच्या पोरीपेक्षा त्या बाईची खुर्ची मोठी मानली, हे मी साठीच्या घरात आले तरी तसंच होतं.

तर त्या व्हरांड्यात मी तिला म्हणाले, "बस आई. हे घर मी तुझ्यासाठी घेतेय. आता कुणी मारणार नाही."

तिची नजर चटकन माझ्या कानशिलाकडे गेली. मला वाटलं होतं तिला आठवणारच नाही.

"ती बसू दे म्हणत होती," मी म्हटलं. "मग तू मारलंस कशाला?"

"तू कशी बसलतीस ठावं हाय का तुला?" आई म्हणाली. "मांडी घालून. मागं न बघता हात नेलास, उशी वडलीस अन् पाठीला लावलीस. पोर पैल्यांदा कुणाच्या खुर्चीवर बसलं की काठावर बसतं. तू घरच्यावानी बसलतीस. ती हसली खरी, पर उशीकडं बघत व्हती."

मला काही कळेना. मग तिनं सांगितलं, उभ्या उभ्याच, खुर्चीच्या पाठीला धरून. दुपारी तीनपर्यंत तिचं काम उरकायचं. अण्णा बागेत असायचे. मग ती व्हरांड्याचं दार उघडायची, एका खुर्चीवर ती, शेजारच्या खुर्चीवर मी, आणि दिवे लागेपर्यंत दोघी दरीकडे बघत बसायचो. रोज. मी पाळण्यातून उतरल्यापासून. ती चहा प्यायची, मला बशीत द्यायची. उठताना उशा ठोकून सारख्या करायची, खुर्च्यांचे हात पुसून काढायची, खुर्चीचे पाय लाल फरशीवरच्या खुणांवर जिथल्या तिथं ठेवायची. अण्णांनासुद्धा माहीत नव्हतं. तिच्या मते वर्षातले दहा महिने ते घर तिचंच होतं आणि ती मंडळी पाहुणी. पाहुण्यांपुढं कुणी पसरून बसत नाही, एवढंच. मान खाली घालायला तिचं काही जात नव्हतं.

मला त्या दुपारींमधली एकही आठवत नाही. थप्पड तेवढी आठवते.

"मग नंतर?" मी विचारलं.

"नंतर न्हाई बसले. तू ल्हान व्हतीस, परत इसरली असतीस. कुणी बघितलं असतं तर खोली गेली असती, तुजी शाळा गेली असती."

मंडळी त्यानंतर परत कधी न सांगता आली नाहीत. आम्ही तिथं आणखी चौदा वर्षं होतो. चौदा वर्षं ती त्या बंद दाराच्या आत शेगड्या पेटवत राहिली आणि दुपारी मागच्या खोलीत येऊन पडायला लागली, आणि ते मी रोज पाहत होते आणि मला वाटायचं तिला झोप लागते. मी रडले. सरळ सांगते, हुंदके देऊन रडले, एजंट फोन कानाला लावून बघत राहिला तरी थांबता येईना. आईनं पदरानं माझं नाक पुसलं, अगदी जोरात, लहानपणी पुसायची तसं.

मग तिनं मला जागेचंही सांगून टाकलं, विचारलं नव्हतं तरी. मी हितं येनार महिन्यातनं एक डाव, म्हणाली. बाकीचे दिवस हितं कोण? ती किल्ल्यांवाली. मग घर तिचंच की. ते आपण पैसे देऊन कशाला करायचं? "जितं माणसं बारा महिने राहत्यात तितं घे," म्हणाली आणि नवऱ्याला हाक मारली, की पाऊस वाढायच्या आत निघू या. नवरा वरून कपडे झटकत आला, माझं तोंड बघितलं आणि गळती किती ते सांगितलंच नाही.

नवलाख उंबऱ्याचा फ्लॅट आम्ही गणपतीच्या आधी घेतला. माझा काही हट्ट उरला नव्हता. आईला काय देता येईल हेच मला कळेनासं झालं होतं. नवऱ्याच्या आग्रहानं कागदावर पहिलं नाव तिचं घातलं. तिनं अंगठा नाही, सही केली, आणि संध्याकाळपर्यंत विसरूनही गेली. भाड्यानं एक नवं जोडपं आलं, दोघंही कारखान्यात.

परवा त्या बाजूला एका लग्नाला गेलो होतो. नवरा मित्रांबरोबर मागं राहिला, आई आणि मी रिक्षानं निघालो. वाटेत इमारत लागली तेव्हा मी म्हटलं, आलोच आहोत तर घर कसं ठेवलंय ते बघून जाऊ. पर्समध्ये दुसरी किल्ली होतीच. रिक्षा सोडली, आईला हात दिला, लिफ्टकडे वळले तर आई जागची हलेना.

"फोन केलास का?"

मी म्हटलं, आई, घर आपलं आहे. दोन मिनिटं डोकावायचंय.

"घर आपलं हाय म्हनून तर," ती म्हणाली. "मालकानं न सांगता जाऊ न्हाई. पाय पसरून बसली आसंल बिचारी, दचकून उठंल."

मी तिथंच उभं राहून फोन लावला. पलीकडून ती मुलगी घाईघाईनं म्हणाली, या ना मॅडम, फक्त दहा मिनिटं द्या, आणि मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आईला सांगितलं, दहा मिनिटं. तिनं मान हलवली आणि माझ्या दंडाला धरून पार्किंगच्या खांबाला टेकली. दहाची पंधरा मिनिटं झाली तरी ती मला वर जाऊ देईना.